साधा चिमटा

‘काका, शॉकअप काढून साधा चिमटा टाका.’

विरारहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे बोळिंज लागते. इथल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य सहज बोलले जाते आणि सहज समजतेही. पुढच्या चाकाला स्प्रिंगचे शॉकअप असलेली डोंगरी धाटणीची सायकल कोणीतरी आणतो. त्याला ती स्प्रिंग नको असते, तिच्या जागी न दबणारा पोलादी चिमटा हवा असतो. सायकलींच्या इंग्रजी जगात या कामाला हार्डटेल, रिजिड, फोर्क, कन्व्हर्जन असे जड शब्द लागतात. बोळिंजमध्ये तेच काम रोजच्या पाच शब्दांत होते.

या पाच शब्दांची कुळे मात्र वेगवेगळी आहेत. एक फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आला, एक प्राकृतातून उतरला, एक इराणचा आणि एक देशी. पाचवा इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे दोन उलटे अर्थ आपण न अडखळता वापरतो. दुकानाच्या ओट्यावर बोलल्या जाणाऱ्या अशा वाक्यांत भाषेचा इतिहास साठलेला असतो, पण त्याची नोंद क्वचित होते. म्हणून एकेक शब्द सोडवून पाहू.

शॉकअप

मूळ शब्द शॉक ॲब्सॉर्बर. ‘शॉक’ हा फ्रेंच ‘शोक’चा भाऊ, अर्थ टक्कर, आदळणे. ‘ॲब्सॉर्ब’च्या मागे लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ चोखून घेणे. धक्का चोखून घेणारे ते शॉक ॲब्सॉर्बर. हा लांबलचक शब्द गॅरेजमध्ये आला आणि झिजला. शॉकॲब्सॉर्बरचे शॉकॲब झाले आणि शॉकॲबचे शॉकअप. शेवटचा ‘अप’ तोंडात बसण्याचे कारणही दिसते. पिकअप, मेकअप, चेकअप हे शब्द मराठी कानाला आधीच ओळखीचे होते. अनोळखी शेपटाच्या जागी कानाने ओळखीचे शेपूट बसवून घेतले.

याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण मराठी अशाच झिजेतून घडली आहे. बोळिंजच्या शेजारचे सोपारा पाहा. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक आणि आज सोपारा. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये इथला स्तूप उकरला. त्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. शूर्पचे सुप्प झाले, सुप्पचे सूप. जोडाक्षरातला र आधी पुढच्या प मध्ये विरला, मग दुहेरी प एकेरी झाला आणि त्याआधीचा स्वर लांबला. नेमक्या याच वाटेने चक्रचे चक्क आणि चक्कचे चाक झाले. ज्या नियमाने गावाच्या नावातला शूर्प झिजला त्याच नियमाने सायकलचे चाक आले.

आणि ‘सायकल’ तरी परकी कुठे? ग्रीक ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ, चाक. किक्लोस आणि संस्कृत चक्र ही एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाची अपत्ये. इंग्रजी ‘व्हील’ही त्याच घरातले, फारसी ‘चर्ख’ही, आणि त्यावरून आलेला आपला चरखाही. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भावंडांना शेजारी बसवतो.

पायडलची कथा याहून सुंदर आहे. ‘पेडल’चे ‘पायडल’ करणारा मराठी माणूस चुकला असे शिकलेल्यांना वाटते. पायाने मारायची वस्तू म्हणून त्याने त्यात ‘पाय’ घातला. पण पेडलच्या मुळाशी लॅटिन ‘पेद’ आहे, म्हणजे पाऊल. हा पेद आणि संस्कृत पाद सख्खे, आणि पाद झिजून आपला पाय झाला. पेडलमध्ये पाय पहिल्यापासून होता. दुकानातल्या कानाने तो ओळखला आणि पुन्हा ऐकू येईल असा करून ठेवला.

शॉकअपला शिष्ट प्रतिशब्द घडवता येत नाही असे नाही. ‘सस्पेंशन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ टांगणे. जुन्या युरोपीय घोडागाड्यांची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी सांगाड्याला टांगलेली असे, म्हणजे खालचे हादरे वर कमी पोचत. पुढे पट्ट्या गेल्या, पोलादी स्प्रिंगा आल्या, टांगलेले काही उरले नाही. शब्द मात्र टिकला. संस्कृतात टांगण्याचा धातू लंब्. लोंबणे, लोंबकळणे, लंबक हे त्याचेच. निलंबनही त्याचेच. पण मराठीत निलंबन म्हटले की डोळ्यांपुढे चौकशी सुरू असलेला कर्मचारी येतो. सायकलचे निलंबन काढायला सांगितले तर दुकानदार कामाला हात लावण्याआधी तोंडाकडे पाहील.

याहून जवळचा शब्द आपल्याकडे होता, तो म्हणजे कमान. फारसी कमान म्हणजे धनुष्य. मराठीत ती दरवाजाची कमान झाली आणि घड्याळाची, गाडीची कमानही झाली. वाकून पुन्हा मूळ आकाराला येणारी वस्तू म्हणून स्प्रिंगला कमान म्हणणे चोख होते. ट्रकच्या सपाट पोलादी स्प्रिंगांना आजही ‘पाटे’ म्हणतात. सायकलला हे साधन आले ते मोटारसायकलच्या मागोमाग, आणि येताना मोटारसायकलच्या गॅरेजातला शब्द घेऊन आले. म्हणून कमान मागे राहिली आणि शॉकअप पुढे बसले.

काढून

हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात कृष् धातूच्या जागी ‘कड्ढ’ येतो असे सांगितले आहे. कृष् म्हणजे ओढणे, जमिनीतून नांगर ओढणे. त्यावरून कृषी. कड्ढ झिजून मराठी काढणे आले. वाडीतली केळी, विड्याची पाने, चाफा आणि मोगरा यांवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या या पट्ट्यात दुकानदाराचे क्रियापद शेतीच्या धातूतूनच यावे, हे मला फार आवडते.

काढणे म्हणजे आतले बाहेर ओढणे. त्या एका कल्पनेवर मराठीने केवढा संसार उभा केला आहे! पीक काढतात, दूध काढतात, फोटो काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात, आणि नवे दुकानसुद्धा काढतात. सायकलवाल्याच्या तोंडी याचे दोन खास उपयोग आहेत. एक, पंक्चर काढणे. पंक्चर म्हणजे भोक, आणि भोक काढून घेता येत नाही, ते बुजवावे लागते. पण भाषेला दिसते ते दुखणे, आणि दुखणे बाहेर काढायचे असते. काटा काढतात तसेच पंक्चर. दुसरा, आउट काढणे. चाक एका बाजूला लचकत फिरू लागले की ‘चाकात आउट आहे’ म्हणतात. तारा पिळून, सैल करून ते सरळ रेषेत आणले की आउट निघाला. इंग्रजी सायकलवाला याच कामाला चाक ‘ट्रू’ करणे म्हणतो. त्याची नजर खरेपण आणण्यावर, आपली दोष काढण्यावर.

इथे भाषेची एक अडचणही आहे. ‘चिमटा काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत आधीच होता, कोणाच्या दंडाला काढायचा किंवा बोलण्यातून काढायचा. सायकलचा चिमटा काढताना या अर्थाचा गोंधळ कधी होत नाही. चिमटा सायकलचा की माणसाला, हे ‘चा’ आणि ‘ला’ एवढ्या दोन प्रत्ययांवर ठरते. विभक्तीचे महत्त्व शाळेत शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

साधा

पाच शब्दांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा हा. नवीन चिमट्याला काय म्हणायचे याचे पर्याय दुकानदारापुढे होते. इंग्रजी ‘रिजिड’चा कोशातला अर्थ ताठ, कडक. पण ताठ हा शब्द मराठीत माणसाकडे जातो, त्याच्या मानेकडे आणि स्वभावाकडे. कडक हा शब्द दुकानात आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. गंज चढून किंवा ग्रीस वाळून दबेनासे झालेले शॉकअप म्हणजे कडक शॉकअप. बिघाडाचे नाव चांगल्या वस्तूला कसे द्यायचे? म्हणून ‘साधा’.

‘साधा’ फारसी ‘सादा’वरून आला. सादा म्हणजे नक्षी नसलेला, भेसळ नसलेला, एकरंगी. जुन्या मराठीत ‘सादा’ असेही लिहीत. फारसीत ध चा उच्चार नाही, तो मराठीने घातला. शेजारी साधू, साधन, साधणे, साधना असे संस्कृत साध् धातूचे मोठे कुटुंब नांदत होते. त्या ओढीने सादाचा साधा झाला. साध् म्हणजे तडीस नेणे, सिद्ध करणे. साधा आणि साधन यांचे रक्ताचे नाते नाही, पण शेजाराने एकमेकांचे गुण उचलले. म्हणून ‘साधा माणूस’ म्हणताना मराठीत उणेपणापेक्षा चांगुलपणाचा भास अधिक होतो. तरीही ‘साधे विचारलेसुद्धा नाही’, ‘साधा ताप आहे’ अशा प्रयोगांत हाच शब्द कमीपणाकडे झुकतो. कौतुक आणि कमीपणा ही दोन्ही टोके त्याने जपली आहेत.

सायकलच्या चिमट्याला हा शब्द लागला तो बऱ्याच उशिरा, आणि मुद्दा इथेच आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन टॅमल्पायस डोंगराच्या मातीच्या वाटा उतरू लागले. तिथली ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास त्या कामासाठी सायकल बांधली. १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ हे मोठ्या संख्येने तयार होणारे मॉडेल बाजारात आले. या सगळ्या सायकलींचे चिमटे न दबणारे होते. पण त्यांना रिजिड कोणी म्हणत नव्हते. चिमटा म्हणजे चिमटाच. रॉकशॉक्स कंपनीचा दबणारा चिमटा १९८९ मध्ये आला, पुढच्याच वर्षी पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत नेड ओव्हरएंड तो लावून जिंकला, आणि काही वर्षांत सगळ्यांना तो हवासा झाला. त्यानंतर जुन्याला ओळखायला विशेषण लागले. मागच्या चाकालाही स्प्रिंग आली तेव्हा फक्त पुढे स्प्रिंग असलेल्या सायकलला हार्डटेल हे नाव मिळाले. वस्तू तीच राहिली, शेजारी बदलले म्हणून नाव बदलले.

अशा मागाहून लागलेल्या नावाला इंग्रजीत रेट्रोनिम म्हणतात. हा शब्द फ्रँक मँकिविक्झ यांनी घडवला आणि भाषेवर सदर लिहिणाऱ्या विल्यम सफायर यांनी १९८० मध्ये तो लोकांपुढे आणला. मराठीत त्याला ‘पश्चात्‌नाम’ म्हणता येईल. शब्द नवा वाटला तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लागला तेव्हा तो नुसता चित्रपट होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि मग जुने सगळे मूकपट झाले. यंत्रमाग आला म्हणून हातमाग. ब्रॉयलर आली म्हणून गावठी कोंबडी. मसाला डोसा आला म्हणून साधा डोसा. जो मुळात तोच होता त्याला आपण कोण हे सांगावे लागू लागले.

‘गाडी’ शब्दाची फिरतही याच जातीची. एकेकाळी गाडी म्हणजे बैलांची. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली आणि पुढे इकडची गाडी म्हणजे लोकल झाली. ‘गाडी चुकली’ म्हणजे लोकलच चुकली. मग बैलांच्या गाडीला बैलगाडी असे पूर्ण नाव सांगावे लागले. आता ‘गाडी घेतली’ म्हणजे मोटार किंवा मोटारसायकल. सायकलचेही तसेच झाले. ‘दुचाकी’ हा नेटका शब्द सायकलसाठी होता, आज वर्तमानपत्रातला दुचाकीस्वार स्कूटरवर किंवा मोटारसायकलवर असतो. ‘बाइक’ ही मुळात बायसिकलचीच छोटी हाक, पण मराठीत बाइक म्हणजे मोटारसायकल. म्हणून माउंटन बाइक हा शब्द आपल्याकडे नीट रुजला नाही. मुलांनी आपली नावे केली. हिरोच्या एका मॉडेलवरून जाड टायरच्या सगळ्याच सायकलींना ‘रेंजर’, मग ‘गिअरची’, मग ‘शॉकअपवाली’.

या नावांचा क्रम म्हणजे हव्याहव्याशा वस्तूंचा क्रम. रेंजर हवी, मग गिअर हवे, मग शॉकअप हवे. ‘साधा चिमटा’ हा या रांगेतला पहिला शब्द असा की जो काहीतरी कमी करून मागितला जातो. माणूस पैसे देऊन साधेपण विकत घेतो. त्या क्षणी ‘साधा’ हा शब्द कमीपणाच्या टोकाकडून कौतुकाच्या टोकाकडे सरकतो. भाषेत अर्थ असा बदलताना क्वचितच पाहायला मिळतो, इथे तो रस्त्यावर पाहता येतो.

चिमटा

इंग्रजी ‘फोर्क’चे मूळ लॅटिन ‘फुर्का’, म्हणजे गवत उचलण्याचे दुफाळ्या टोकाचे हत्यार. एकातून दोन फुटणे ही त्यातली कल्पना. म्हणून इंग्रजीत जेवणाचा फोर्क, रस्त्याचा फोर्क, फांदीचा फोर्क आणि सायकलचा फोर्क असे सगळे एकाच शब्दात मावतात. मराठीने एवढी मोठी मोट बांधली नाही. जेवताना टोचतो तो काटा. रस्ता फुटतो तो फाटा. महामार्गावरचा आमचा विरार फाटा तो हाच, फाटण्यावरून आलेला. फांदी दुभंगते ते बेचके. आणि सायकलचे चाक धरतो तो चिमटा. इंग्रजी नजर आकारावर, मराठी नजर कामावर. काट्याचे काम टोचणे, फाट्याचे काम वेगळे होणे, चिमट्याचे काम धरणे.

चिमटा, चिमटी, चिमूट, चिमटणे हे देशी कुळ. दोन बोटांच्या पेरांत काहीतरी आवळून धरण्याची क्रिया या सगळ्यांत आहे. चुलीतला निखारा धरणारा चिमटा, वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा, केसांचा चिमटा, जोग्याच्या हातातला चिमटा, आणि तंगीच्या दिवसांत पोटाला घ्यायचा चिमटा. प्रत्येकात दोन बाहू एका टोकाशी जोडलेले असतात आणि मधल्या जागेत धरलेली वस्तू असते. सायकलचा चिमटा याला तंतोतंत लागू पडतो. दोन पाय खाली येतात, मध्ये चाकाचा आस धरतात, वरची नळी फ्रेमच्या तोंडात शिरते. आस म्हणजे संस्कृत अक्ष, आणि इंग्रजी ‘ॲक्सल’ त्याचाच भाऊबंद. अक्ष, चक्र, पाद हे शब्द इतके जुने, आणि त्यांना धरून ठेवायला चिमटा हा देशी शब्द.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. पायडलची सायकल युरोपात १८६० च्या दशकात रस्त्यावर आली. त्यामुळे मोल्सवर्थच्या चिमट्यात सायकल असणे शक्यच नव्हते. हा अर्थ त्यानंतर जन्मला. कोणा पंडिताने बसून घडवला नाही, लोखंड ओळखणाऱ्या हातांनी आपल्या घरातल्या वस्तूवरून ठेवला. राज्यव्यवहारकोशापासून आजच्या परिभाषा कोशांपर्यंत शब्द घडवण्याची एक परंपरा आपल्याकडे आहे. तिच्या बरोबरीने ही दुसरी, न लिहिलेली परंपरा चालत आली आहे.

जुन्या काळ्या सायकलींचे चिमटे खाली पुढच्या बाजूला वळलेले असत. पोलादी नळीच्या त्या बाकामुळे लहान धक्के थोडे चिमट्यातच जिरत. शॉकअपच्या जागी आज साधा चिमटा घालताना हा इतिहास कामाला येतो, पण मापे नीट घ्यावी लागतात. आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतचे अंतर सर्वांत महत्त्वाचे. २६ इंची चाकाच्या, १०० मिलिमीटर दबणाऱ्या शॉकअपमध्ये हे अंतर साधारण ४७० मिलिमीटर असते. माणूस बसला की त्यातले २० ते २५ मिलिमीटर आपोआप दबतात. म्हणून साध्या चिमट्याचे माप ४५० च्या आसपास असावे. जुन्या सायकलचा ४०० चा चिमटा घातला तर सायकलचे तोंड खाली जाते, हँडल चंचल होते आणि वळणावर पायडल जमिनीला लागू शकते. दर २० मिलिमीटरला हँडलच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने बदलतो. मग पाहायचे की वरची नळी जाडीला जुळते का, तिला आटे आहेत की नाहीत. डिस्क ब्रेक असेल तर डाव्या पायावर तो बसवायला कान हवा. खालच्या कपाचे कडे जुन्या चिमट्यावरून उतरवून नव्यावर ठोकावे लागते.

इतके करून मिळते काय? स्वस्त स्प्रिंगचे शॉकअप अडीच किलोच्या घरात असते, पोलादी साधा चिमटा सव्वा किलोच्या आसपास. पुढचे चाक उचलताना हा फरक हाताला कळतो. उभे राहून पायडल मारताना जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जात नाही. आणि आमच्याकडे एक कारण आणखी आहे. अर्नाळ्याचा समुद्र जवळ, हवेत खार, पावसाळ्यात रस्त्यांवर साचलेले पाणी. स्वस्त शॉकअपच्या चकचकीत नळ्यांना एकदोन पावसांत गंज धरतो, रबरी कडी फाटतात, आणि मग ते वजन वाहणारे पण न दबणारे लोखंड होऊन बसते. बोळिंज, आगाशी, अर्नाळा हा सगळा सखल पट्टा आहे. इथले खड्डे टायरची हवा थोडी कमी ठेवून आणि जरा रुंद टायर घालून झेलता येतात. तुंगारेश्वरच्या दगडी वाटांवर वेगाने उतरणाऱ्याने मात्र चांगले शॉकअप जरूर ठेवावे, त्याचे काम तिथे खरे आहे.

टाका

शेवटचा शब्द, वाक्याचे क्रियापद. टाकणे म्हणजे दूर करणे: कचरा टाकणे, नवऱ्याने बायकोला टाकणे, सवय टाकणे. आणि टाकणे म्हणजे आत घालणेही: भाजीत मीठ टाकणे, फोनमध्ये सिम टाकणे, सायकलला नवे टायर टाकणे. ‘चिमटा टाका’ म्हणजे बसवा. ‘चिमटा टाकून द्या’ म्हणजे फेका. ‘काढून टाका’ म्हणजेही दूर करा. एकाच क्रियापदाची दिशा शेजारच्या छोट्या क्रियापदाने फिरते. मराठी शिकणाऱ्या परक्याला हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. दुकानात मदतीला बसणारा दहा वर्षांचा मुलगा त्यात एकदाही चुकत नाही.

बसवणे, लावणे, जोडणे हे शब्द असताना टाकणे का निवडले जाते? लावणे बाहेरून होते, घंटी लावतात, दिवा लावतात. जी वस्तू सायकलच्या अंगात शिरते तिला टाकणे: छर्रे टाकणे, ट्यूब टाकणे, आस टाकणे. चिमट्याची नळी फ्रेमच्या पोटात जाते, म्हणून तो टाकायचाच. हा भेद कोणी शिकवलेला नाही, तरी तो काटेकोर पाळला जातो. यंत्राची रचना अशी क्रियापदात उतरलेली असते.

बोळिंजच्या वाड्यांशेजारी म्हाडाच्या आणि खाजगी इमारतींचे मनोरे उभे राहिले. नवी माणसे आली, त्यांच्या हिंदी, गुजराती, कोकणी बोलींचे शब्द आले. सायकलींचे सुटे भाग आता फोनवर मागवले जातात आणि त्यांच्या खोक्यांवर इंग्रजी नावे असतात. आउट काढणे, आटे, छर्रे, पायडल, साधा चिमटा हे शब्द बोलणारी पिढी आज दुकानांत बसलेली आहे, म्हणून ते आजच लिहून घ्यायला हवेत. मराठीच्या प्राध्यापकांनी, कोशकारांनी, शाळेतल्या मुलांच्या प्रकल्पांनी हे काम घ्यावे. एक वही, एक दुकान, एक दुपार एवढ्याने सुरुवात होते. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या क्रियापदासोबत येतो आणि कोणत्या भागाला लागतो, एवढी चार घरे पुरेत.

त्या वहीत ‘साधा चिमटा’ अशी नोंद करताना अर्थ लिहावा: सायकलच्या पुढच्या चाकाचा आस धरणारा, स्प्रिंग नसलेला, न दबणारा चिमटा, टाकणे या क्रियापदासह. आणि खाली टीप द्यावी की वस्तू पहिल्या सायकलीइतकी जुनी आहे, ‘साधा’ हे विशेषण शॉकअपनंतरचे आहे.